रूळ, सांधा आणि वाघीण : सीमाभागातील रेल्वेची मराठी

वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी ‘या भागाच्या इतिहासाशी निगडित असे काहीतरी’ लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली. इतिहास म्हटला की किल्ले, सनदा आणि संस्थाने डोळ्यांपुढे येतात. त्यांविषयी आपल्या सभासदांनी पुष्कळ वाचलेले आहे. मी मराठीचा अध्यापक. शिलालेख वाचण्याचा अधिकार मजपाशी नाही. परंतु शब्द हादेखील एक प्रकारचा शिलालेखच असतो, आणि तो रोज आपल्या जिभेवर असल्यामुळे आपण तो वाचावयाचे विसरतो. म्हणून या लेखात एका विशिष्ट शब्दकुळाचा माग काढण्याचे योजले आहे. हे कूळ आगगाडीबरोबर आपल्याकडे आले. ते आले इंग्रजीतून. पण पुढे त्याचे काय झाले, ते कोणी केले आणि आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखात त्याला कोणते वळण लागले, हे पाहण्याजोगे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे एकवीस मैलांचा प्रवास. हा तपशील सर्वांना पाठ असतो. मराठी भाषेपुढे त्या दिवशी जो प्रश्न उभा राहिला, त्याची मात्र कोणी नोंद केली नाही. या वस्तूला म्हणावयाचे काय? पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकरांचे ‘लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन’ हे पुस्तक निघाले. शास्त्रीबोवांनी गाडीपेक्षा वाटेला महत्त्व दिले आणि ‘लोखंडी रस्ता’ असा सरळ, निरलंकार शब्द वापरला. फ्रेंच, जर्मन व पोर्तुगीज या तिन्ही भाषांनी रेल्वेला नेमक्या याच अर्थाचे, लोखंडी वाट अशा अर्थाचे, नाव दिले आहे. तेव्हा शास्त्रीबोवांची निवड चुकीची नव्हती. तरी लोकांनी ती घेतली नाही. लोकांनी घेतला तो ‘आगगाडी’.

याचे कारण मला असे दिसते की ‘आगबोट’ त्यापूर्वीच आलेली होती. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली आगबोट १८३० साली मुंबईहून सुएझला गेली, म्हणजे रेल्वेच्या तेवीस वर्षे आधी. वाफेवर चालणारे यान मराठी माणसाने प्रथम पाहिले ते पाण्यावर. त्यामुळे जमिनीवर तसेच काही आले तेव्हा साचा तयार होता. ‘बोट’ काढावयाची आणि ‘गाडी’ घालावयाची एवढेच काम उरले. खेड्यापाड्यांत तिचे ‘आगीनगाडी’ झाले आणि जात्यावरच्या ओव्यांतही ती जाऊन बसली.

समुद्राकडून रुळांकडे झालेला हा शब्दांचा प्रवास येथेच संपत नाही. रेल्वेत माल चढविण्या-उतरविण्याची जी जागा, तिला आपण ‘मालधक्का’ म्हणतो. धक्का हा बंदराचा शब्द. भाऊचा धक्का सर्वांना ठाऊक आहे. इंजिनावर व कारखान्यांत अंगमेहनतीची कामे करणारा तो ‘खलाशी’. हाही जहाजावरून उतरूनच रेल्वेत नोकरीस लागला. पहिल्या स्थानकाचे नावच ‘बोरीबंदर’. खानापूर-लोंढ्याच्या ज्या हमालाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तोदेखील सागवानाचे ओंडके ‘धक्क्यावर’ आणून टाकू लागला. पाण्यावरचा शब्द सह्याद्री चढून आला तो असा.

आपल्या भागात रेल्वे आली ती मुंबईनंतर तीन दशकांहून अधिक काळाने. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात धान्य असूनही ते माणसांपर्यंत पोहोचविता आले नाही. म्हणून दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून दक्षिणेत लोहमार्ग घालण्याचे ठरले आणि १८८२ मध्ये ‘सदर्न मराठा रेल्वे’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे धारवाड. इंग्रज अमदानीत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि पटवर्धनी संस्थाने या सबंध टापूला ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत. कंपनीने ते नाव उचलले. आजच्या वादांच्या नजरेने पाहणाऱ्यास या नावाचा कोणी अभिमान धरील, कोणी राग. परंतु त्या कंपनीच्या रुळांवर घण घालणाऱ्या टोळ्यांत मराठी व कानडी माणसे खांद्याला खांदा लावून होती, हे दोघांनीही ध्यानात ठेवावे. १८८०-९० या दशकाच्या उत्तरार्धात बेळगावला गाडी आली आणि दशक संपता संपता मिरजेवरून पुण्याशी सलग मार्ग जोडला गेला. कोल्हापूर-मिरज मार्गाची पहिली कुदळ शाहू महाराजांच्या हस्ते १८८८ मध्ये पडली आणि १८९१ मध्ये तो सुरू झाला. पश्चिमेस कॅसलरॉकपाशी पोर्तुगीज हद्दीतील मुरगावचा मार्ग येऊन मिळाला. हे सारे एक मीटर रुंदीचे, म्हणजे ‘मीटरगेज’. १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकीकरण होऊन ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ झाली. १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे, १९६६ मध्ये दक्षिण-मध्य रेल्वे आणि २००३ पासून हुबळी हे मुख्यालय असलेली नैर्ऋत्य रेल्वे. मालक पाच झाले, फलाट तोच राहिला.

आता त्या ‘फलाटा’कडेच वळू. मूळ इंग्रजी शब्द ‘प्लॅटफॉर्म’. त्यातील ‘प्ल’ हे जोडाक्षर मोडून, शेवटचा ‘फॉर्म’ सपशेल टाकून देऊन आणि ‘प’ला महाप्राण करून कोणा अनामिकाने ‘फलाट’ घडविला. हा शब्द इतका अस्सल मराठी वाटतो, की त्याची ‘फळी’शी सोयरीक जुळवू पाहणारा एखादा विद्यार्थी दर वर्षी भेटतो. ‘रूळ’ हा शब्द त्याहून गुंतागुंतीचा आहे. शाळेत रेघा आखावयाचा (आणि प्रसंगी हातावर बसणारा) रूळ इंग्रजी ‘रूल’पासून आला हे उघड आहे. आगगाडीचा रूळ ‘रेल’पासून आला की आधीच रुळलेल्या त्या लाकडी रुळाचाच लोखंडी अवतार म्हणून आला, याविषयी मतभेद संभवतो. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. मराठीत ‘रुळणे’ हे क्रियापद पूर्वीपासून होतेच. त्यामुळे या परक्याला घरात बसावयास पाट मिळाला. आज ‘रुळलेली वाट’ आणि ‘रुळावर आलेला संसार’ एका वाक्यात लिहिताना एक देशी व दुसरा विलायती आहे हे कोणाच्या मनातही येत नाही.

परंतु या सर्व शब्दांचा मुकुटमणी म्हणजे ‘वाघीण’. मालगाडीचा डबा तो इंग्रजीत ‘वॅगन’; मराठी हमालांनी तो शब्द ऐकला आणि त्याची थेट वाघीण करून टाकली. ‘आज गुळाच्या चार वाघिणी भरल्या’ हे वाक्य मालधक्क्यावर कोणाला नवलाचे वाटत नसे. वर्गात मी एकदा ‘धक्क्यावर तीन वाघिणी उभ्या होत्या’ असे वाक्य फळ्यावर लिहून अर्थ विचारला. एका विद्यार्थिनीने खानापूरच्या जंगलाचा हवाला देऊन, त्या रात्री रस्ता चुकून तेथे आल्या असाव्यात, असे अत्यंत गंभीरपणे सांगितले! हसण्यावारी नेऊ नये असा हा प्रकार आहे. एका पिढीचा रोजचा शब्द दुसऱ्या पिढीला कोडे व्हावा, याला चाळीस वर्षेही पुरतात. रेल्वेने माल नेण्याची पद्धत पालटली, सुटी वाघीण भरणे मागे पडले, ट्रक वाढले. आणि शब्दाखालची वस्तू सरकली की शब्द लटकू लागतो.

व्याकरणाच्या अंगानेही या शब्दांची परीक्षा करण्यासारखी आहे. इंग्रजीत निर्जीव वस्तूला लिंगभेद नाही. मराठीत शब्द आला की त्याला पुल्लिंगी, स्त्रीलिंगी वा नपुंसकलिंगी व्हावेच लागते. ‘इंजिन’, ‘स्टेशन’, ‘तिकीट’ ही नपुंसकलिंगी झाली. ‘फलाट’, ‘रूळ’, ‘सिग्नल’ पुल्लिंगी. ‘मेल’ आणि ‘पॅसेंजर’ ‘गाडी’च्या ओढीने स्त्रीलिंगी झाल्या, मात्र गाडीत बसलेला ‘पॅसेंजर’ पुरुषच राहिला. ही कामे कोणत्याही समितीने केलेली नाहीत, तरी त्यांत घोळ म्हणून नाही. आणखी एक गंमत ‘स्टेशनमास्तर’ या शब्दात दडली आहे. त्याच्या पूर्वार्धात ‘ट’ आहे, उत्तरार्धात ‘त’. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ध्वनी एकच! ‘मास्तर’ हा शाळेच्या वाटेने आधी येऊन मऊ झालेला, तर ‘स्टेशन’ नंतर आलेले व कडक राहिलेले. म्हणजे एकाच शब्दात ओळखीचे दोन थर आहेत. हिंदीने ‘टिकट’ केले आणि मराठीने ‘तिकीट’, हाही त्याच मऊपणाचा दाखला.

आपल्या शेजारणीने, कन्नड भाषेने, याच वस्तूंचे काय केले हे सीमाभागात राहणाऱ्याने तरी पाहिलेच पाहिजे. मराठीला त्या यानात आग दिसली. कन्नडला धूर आणि वाफ दिसली. म्हणून तिकडे ‘होगेबंडी’, म्हणजे धुराची गाडी, आणि ‘उगीबंडी’, म्हणजे वाफेची गाडी. पंडितांनी ‘धूमशकट’ केले, ते ग्रंथांत राहिले. रूळ म्हणजे ‘हळी’. सिग्नलला जो शब्द आहे तो मला फार आवडतो : ‘कैमर’. ‘कै’ म्हणजे हात, ‘मर’ म्हणजे झाड, लाकूड. खांबावर आडवा पसरलेला आणि गाडी येताना खाली पडणारा तो जुना लाकडी हात ज्याने पाहिला आहे, त्याला या शब्दाची सार्थता सांगावी लागत नाही. मराठीत त्याच सिग्नलचे खेड्यांत ‘सिंगल’ झाले आणि ‘सिंगल पडला’ म्हणजे गाडी येत आहे असा अर्थ झाला. येथे कन्नडने डोळ्यांनी शब्द केला, मराठीने कानांनी. आमच्याकडच्या घराघरांत दोन्ही भाषा नांदत असल्याने एकच म्हातारी मुलाला मराठीत ‘आगीनगाडी’ दाखवी आणि शेजारणीशी ‘होगेबंडी’चे वेळापत्रक बोले. आग व धूर यांचे साहचर्य तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात सांगितलेले असते; सीमाभागाने ते भाषेत सिद्ध केले.

दोन्हीकडच्या पंडितांनी मात्र निराळाच उद्योग केला. मराठीत ‘अग्निरथ’ निघाला, आणि त्याची थट्टा म्हणून स्थानकाला ‘अग्निरथविश्रामस्थान’ व सिग्नलला याहूनही लांब समास रचून लोक हसू लागले. यावरून भाषाशुद्धीची चळवळच हास्यास्पद ठरविणे अन्यायाचे होईल. सावरकरांचे ‘महापौर’, ‘हुतात्मा’, ‘दिनांक’ हे शब्द आज आपण विचारही न करता वापरतो. सीमाभागाच्या लढ्यात तर ‘हुतात्मा’ या शब्दावाचून चालणारच नाही. कोल्हापुरात अध्यापन केलेल्या माधव जूलियनांनी १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून या प्रश्नाची साकल्याने चर्चा केली. पुढे महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये निघाले आणि १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. या साऱ्यातून रेल्वेच्या वाट्याला जे आले त्यात ‘स्थानक’ टिकले, ‘आरक्षण’ टिकले. ‘लोहमार्ग’ मात्र पोलिसांच्या पाटीवर जाऊन बसला. मिरजेत ‘लोहमार्ग पोलीस’ आहेत. शेडबाळ, कुडची करीत गाडी आपल्याकडे आली की तेही नाव मागे राहते. रूळ तेच, पण त्यांना लोहमार्ग म्हणणारी पाटी सरहद्दीवर थांबते.

पाट्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. हिंदीत आपल्या गावाचे नाव बराच काळ ‘बेलगाम’ असे लिहिले जाई. हिंदीला ‘ळ’ नाही ही तिची अडचण. पण ‘बेलगाम’ म्हणजे ज्याला लगाम नाही असा! दोन राज्यांनी दोन बाजूंनी लगाम धरून ठेवलेल्या गावाला हे नाव मिळावे, यातला उपरोध कोणी मुद्दाम योजला असता तरी इतका साधला नसता. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. मराठी माणूस घरात ‘बेळगाव’च म्हणतो आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा चालू आहे, तेथील भाषा इंग्रजी.

रेल्वेने आपल्याला वाक्प्रचार दिले, हा तिचा सर्वांत मोठा वाङ्मयीन उपकार. एकेरी मार्गावर पुढचे स्टेशन संमती देई तेव्हाच गाडी सुटे. त्या संमतीचे नाव ‘लाइन क्लिअर’. अनेक ठिकाणी तिची खूण म्हणून यंत्रातून निघालेला लोखंडी गोळा चालकाच्या हाती दिला जाई. गोळा ज्याच्यापाशी, वाट त्याची. आज विवाह जुळविणारे मध्यस्थसुद्धा ‘तिकडून लाइन क्लिअर आहे’ असे सांगतात. ‘अप’ आणि ‘डाउन’ या रेल्वेच्या दिशा. खानापूरहून रोज बेळगावला नोकरीस येणाऱ्यांनी त्यांतून ‘अप-डाउन करणे’ हे क्रियापद घडविले. आडबाजूच्या मार्गावर उभा केलेला डबा ‘साइडिंगला’ पडतो, आणि कार्यालयातील अप्रिय अधिकारीही. ‘जंक्शन’ या शब्दाला तर मराठीने मूळ अर्थापासून पार तोडले. मोठे, दणकट, झकास असे काहीही ‘जंक्शन’ होऊ शकते. मंत्रालयातून योजनेला ‘हिरवा कंदील’ मिळतो आणि विरोधक ‘लाल बावटा’ दाखवितात. गार्डाच्या हातातील तो तेलाचा कंदील कधीच इतिहासजमा झाला. वर्तमानपत्रात तो रोज पेटतो.

यांपैकी ‘सांधा बदलणे’ या प्रयोगाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जी हलती जोडणी, तिला इंग्रजीत ‘पॉइंट’ म्हणतात, कारण तिचे टोक निमुळते असते. मराठी कामगाराने टोक पाहिले नाही. दोन वाटा जेथे सांधल्या जातात ते पाहिले, आणि शरीराचा शब्द उचलून ‘सांधा’ म्हटले. तो फिरविणारा ‘सांधेवाला’. दांडा ओढला की दूरवर काहीतरी खट् करून सरके, आणि गाडी निमूटपणे दुसऱ्या दिशेस लागे. पगार तुटपुंजा, पण चुकला तर शेकडो जिवांचा घात. हे पद आता बहुतांश यंत्रांनी व विजेच्या बटणांनी घेतले. साहित्यसमीक्षेत मात्र आम्ही ‘कवीने येथे सांधा बदलला आहे’ असे बेधडक लिहितो. तो शब्द आपल्या हाती ज्याच्याकडून आला, त्या सांधेवाल्याचे नाव कोणत्याही कोशात नाही. कोशकारांचा दोष नाही. कोश ग्रंथांवरून होतात, आणि सांधेवाले ग्रंथ लिहीत नसत. मालधक्क्यावरचे जुने हमाल, निवृत्त गँगमन, खलाशी यांच्या तोंडचे शब्द कोणी वहीत उतरवून घेतले तर ते अजून मिळतील, पण फार दिवस नाहीत. आपल्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात अशा एखाद्या वहीला जागा करता येईल.

गेजबदलाने बराच शब्दसंसार हलला. १९७१ मध्ये पुण्याकडून कोल्हापूरपर्यंत रुंद मार्ग झाला, आणि पुढे वीस-बावीस वर्षे मिरज हे तीन मापांचे स्टेशन राहिले : पुण्याकडे ‘ब्रॉडगेज’, बेळगावकडे ‘मीटरगेज’, आणि १९२७ मध्ये येऊन मिळालेला बार्शी लाइट रेल्वेचा ‘नॅरोगेज’ पंढरपूर-कुर्डुवाडीकडे. आपल्या प्रवाशाला मिरजेस उतरून, बोचकी सांभाळीत, पूल ओलांडून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. ‘मोठी गाडी’, ‘लहान गाडी’ हे शब्द तेव्हा अंतरासाठी नव्हते, मापासाठी होते. १९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्ग रुंद झाला. मिरजेची धावपळ संपली, आणि ‘लहान गाडी’ या शब्दाचा अर्थही. घाटातल्या भाषेत मात्र काही जुने शिल्लक आहे. कॅसलरॉकहून कुळ्याकडे ३७ फुटांस एक फूट असा उतार आहे. तेथे गाडीला मागून रेटणारी जादा इंजिने जोडतात, त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पैशाशी संबंध नसलेला हा बँकर!

‘रोड’ हा एक फसवा शब्दही नोंदवून ठेवतो. रेल्वेच्या परिभाषेत स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ असेल तर समजावे की गाव येथे नाही, येथून त्या गावाला रस्ता जातो. ‘गोकाक रोड’ आणि ‘चिकोडी रोड’ ही आपली दोन उदाहरणे. नवखा पाहुणा चिकोडी रोडला उतरतो आणि चिकोडी शोधू लागतो. मग बसची चौकशी सुरू होते.

याउलट बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वेने गावालाच नावे दिली. ‘पहिले गेट’, ‘दुसरे गेट’, ‘तिसरे गेट’ ही मुळात रुळांवरची फाटके. आज ते पत्ते आहेत. तिसऱ्या गेटावर उड्डाणपूल झाला, तरी रिक्षावाल्यास ‘तिसरे गेट’ असेच सांगावे लागते. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले ते याच टिळकवाडीच्या परिसरात. प्रतिनिधी आले ते याच मार्गाने.

निपाणीचे मात्र निराळे. तंबाखूच्या व्यापाराने देशभर नाव झालेल्या या शहराला आजवर रेल्वे नाही. कोल्हापूर, मिरज किंवा चिकोडी रोड गाठावे तेव्हा रूळ दिसणार. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी उठले, तेव्हा ते पुणे-बंगळूर महामार्गावर बसले. निपाणीची सारी ये-जा त्या एका रस्त्यावरच होती. तरीही रेल्वेचे शब्द निपाणीत आले. ते मुंबई राज्याच्या काळातील एस.टी.ने आणले. मोटार-स्थानकावर गाडी लागते तो ‘फलाट’, खिडकीवर मिळते ते ‘तिकीट’, रोज कोल्हापूरला जाणारा करतो ते ‘अप-डाउन’. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी ‘वंदे भारत’ बेळगाववरून धावू लागली आहे. बेळगावात ‘गाडी किती वाजता?’ असे विचारले तर तिची वेळ सांगतील. निपाणीत तोच प्रश्न विचारला तर उलट विचारतील, ‘कुठली, महाराष्ट्राची की कर्नाटकाची?’